‘धूलिकणांमध्ये धूळ किती?’ या वाक्याचे काय करावे?
(अनुवादाच्या शब्दांवरील चर्चा; ‘टाचण’, ‘पडताळा’ इत्यादी ही बोलणाऱ्यांची टोपणनावे.)

टाचण:
अटलांटिकमधील, स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांच्या हवेच्या गुणवत्तेवरील एका अहवालाचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे आणि तिसऱ्याच पानावर अडकले आहे. हवेतील सूक्ष्म कणांच्या पीएम १० या मोजमापाला आपली वृत्तपत्रे सर्रास ‘धूलिकण’ म्हणतात, म्हणून मीही पहिली दोन पाने त्याच शब्दावर निभावून नेली. अहवालाचा मूळ प्रश्न मात्र असा आहे की, बेटावरील यंत्राने टिपलेल्या या कणांपैकी सहारातून वाऱ्याबरोबर आलेली धूळ किती, आणि समुद्राचे मीठ, जहाजांचा व वाहनांचा धूर, रस्त्यावरची माती किती. त्यामुळे माझे वाक्य झाले, ‘धूलिकणांमधील धुळीचे प्रमाण ओळखणे’. संपादकांनी समासात नुसते प्रश्नचिन्ह काढून पाठवले आहे आणि पुढे सगळीकडे ‘धूळ’ खोडून ‘धुरळा’ केले आहे. पहिली दुरुस्ती मला पटते, दुसरी पटत नाही. आपले मत काय?

पडताळा:
प्रश्नचिन्ह अगदी योग्य जागी पडले आहे. पीएम १० म्हणजे साधारणपणे दहा मायक्रोमीटरपर्यंतचे, हवेत तरंगणारे, कोणत्याही द्रव्याचे कण. यंत्र त्यांचे केवळ वजन मोजते, त्यांचे कुळगोत्र विचारीत नाही. ‘धूलिकण’ या शब्दाने मात्र ते कुळगोत्र आधीच ठरवून टाकले आहे. बेटावर हे विशेष खटकते, कारण तेथे धुळीचा एकही कण आला नाही तरी लाटांच्या तुषारांतील मीठ त्या आकड्यात कायमचे बसलेले असते.
कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर धुळीचे अभ्यासक जोसेफ प्रोस्पेरो यांनी १९६५ पासून चालविलेल्या मोजणीची रीत पाहिली, की शब्दाचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो. हवा ज्या फिल्टरमधून ओढली, तो आधी पाण्याने धुतात, म्हणजे मीठ निघून जाते. मग तो सुमारे ५०० अंश सेल्सियसला जाळतात, म्हणजे काजळी आणि सेंद्रिय भाग जातो. आणि मागे उरते ती तांबूस राख म्हणजे खनिज धूळ. धुऊन आणि जाळूनही जी उरते ती धूळ, यापेक्षा नेमकी व्याख्या मला तरी कोणत्याही कोशात सापडलेली नाही. तेव्हा पीएमला ‘तरंगते कण’ म्हणावे आणि ‘धूळ’ हा शब्द त्या राखेसाठी राखून ठेवावा.

जुना वाचक:
‘तरंगते कण’ हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. मराठीला संस्कृतचे एवढे मोठे कोठार उपलब्ध असताना आपण दरवेळी ठिगळे का लावतो, हे मला कळत नाही. पीएमसाठी ‘कणद्रव्य’ आणि वाळवंटातून आलेल्या धुळीसाठी ‘मरुरज’ असे दोन सुटसुटीत शब्द घडविता येतील. ‘रज’ हा शब्द हलका आहे, त्याला समासात सहज बसविता येते, आणि त्यात धुळीची सूक्ष्मताही आहे.

अवखळ:
‘रज’ म्हणजे परागही होतो, हे आपण विसरलात. हवेतील परागांचीही स्वतंत्र मोजणी होत असते. त्यामुळे एका पानावर ‘मरुरज’ आणि दुसऱ्यावर ‘पुष्परज’ वाचणाऱ्याला वाळवंटात कसली फुले उमलली, असा प्रश्न पडेल. त्या शब्दाचा तिसरा अर्थ तर मी येथे काढतही नाही.
माझे म्हणणे असे, की बेटांवरचे लोक काय म्हणतात ते आधी पाहावे. कॅनरी बेटांवर धुळीने कोंदलेल्या हवेला ‘कालिमा’ म्हणतात, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर ‘ब्रूमा सेका’ म्हणजे कोरडे धुके, आणि कॅरिबियनमधील ग्वादलूप व मार्तिनिक येथे ‘ब्रूम द साब्ल’ म्हणजे वाळूचे धुके. यांपैकी एकाही नावात ‘धूळ’ नाही. त्यांनी दिसले त्याला नाव दिले: सूर्य फिकट झाला, क्षितिज पुसले गेले. आपण सरळ ‘कालिमा’ स्वीकारावा.

जुना वाचक:
आणि वाचकाने तो ‘काळिमा’ समजून वाचावा! आपल्या भाषेत ‘कालिमा’ म्हणजे काळेपणा. ती हवा तर पिवळट-नारिंगी असते.

अवखळ:
गंमत अशी, की त्या स्पॅनिश शब्दाचे मूळ ज्या लॅटिन ‘कालिगो’कडे नेतात, त्याचाही अर्थ अंधार किंवा दाट धुके असाच आहे. आपल्या ‘काल’शी त्याचे दूरचे नाते असावे, असा माझा लाडका तर्क आहे, पुरावा मागू नये.

जुना वाचक:
पुरावा मागणारच. ध्वनी जुळले म्हणून सोयरीक जुळत नाही. ‘वाळूचे धुके’ हे तर सरळ चुकीचे आहे, कारण वाळूचा दाणा एवढा जड असतो की तो बहुतेक उगमाजवळच खाली बसतो. अटलांटिक ओलांडतो तो मुख्यतः काही मायक्रोमीटरचा चुरा.

टाचण:
‘धुरळ्या’विषयी कोणीच बोलले नाही.

उंबरठा:
मी बोलतो. माझी आजी घरातल्या फळीवर साचलेल्या थराला कधीही धुरळा म्हणत नसे, ती धूळ. धुरळा उडतो, उडवला जातो आणि मग खाली बसतो. त्याला उडविणारे कोणीतरी तेथेच, त्याच क्षणी असावे लागते. शेतात भुकटी मारण्याला ‘धुरळणी’ म्हणतात तेही याच अर्थाने. सहारात वाऱ्याने उठतो तो धुरळाच. परंतु उन्हाळ्यात दीड ते सहा किलोमीटर उंचीवरून पाच-सात दिवस प्रवास करून जे कॅरिबियन बेटांवर मुकाट्याने उतरते, त्याला धुरळा म्हणता येणार नाही. तेव्हा उगमापाशी धुरळा आणि मुक्कामी धूळ. आपल्या संपादकांना हा भेद कदाचित मान्य होईल.

पडताळा:
भेद सुरेख आहे, पण तो यंत्राच्या कामाचा आहे का? आहे, असे मला वाटते. बेटावरच्या रस्त्यावर गाडी गेल्याने उडालेली माती आणि सहाराची धूळ या दोन्हींत ॲल्युमिनियम, सिलिकॉन, लोह असतेच. त्यामुळे केवळ रासायनिक तपासणीने त्यांची फारकत करणे कठीण जाते. म्हणून आधी उपग्रहाची चित्रे आणि हवा कोणत्या मार्गाने आली याची उलटी वाट पाहून धुळीचे दिवस ठरवितात. मग शहरापासून दूर असलेल्या केंद्रावर, ते दिवस वगळून, महिनाभराच्या आकड्यांचा ४० वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ४० टक्के आकडे येतात तो आकडा, काढतात आणि तीच धुळीविनाची नेहमीची पातळी धरतात. समजा, त्या केंद्रावर आज ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर भरले आणि पर्सेंटाइल १८ आला, तर ४२ ही धूळ. शहरातील केंद्रावर ८५ असतील, तर ४२ वजा जाऊन ४३ उरतात, आणि ५० ची दैनिक मर्यादा ओलांडलेली ठरत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात ही मर्यादा वर्षातून ३५ वेळांपर्यंत ओलांडण्याची मुभा आहे आणि नैसर्गिक वाटा वगळण्याचीही तरतूद आहे. अर्थात, कागदावरून ४२ वजा झाले तरी त्या दिवशी श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसात ८५ च गेले. म्हणून अनुवादात ‘वजावट’ म्हणावे, ‘निर्मूलन’ कदापि नको.

टाचण:
‘निर्मूलन’ मी एका ठिकाणी लिहिले आहे. आजच काढते. पण मग ‘धूळ आली’ हे तरी कोठे आले म्हणायचे? कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेवरील इसान्या वेधशाळा सुमारे २,३७० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तेथे धूळ असते आणि खाली किनाऱ्यावर हवा स्वच्छ. उपग्रह म्हणतो आली, किनाऱ्यावरचे यंत्र म्हणते नाही.

उंबरठा:
तेव्हा ‘धूळ वरून गेली’ म्हणावे. पाऊस वरून जातो, तसे.

जुना वाचक:
‘वरून जाणे’ हे अहवालात कसे शोभेल? ‘ऊर्ध्वस्तरीय वहन’ म्हणावे.

अवखळ:
डार्विन १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्देला पोहोचला, तेव्हा जहाजावर पडलेली बारीक तपकिरी धूळ त्याने गोळा केली आणि पुढे १८४६ मध्ये तिच्यावर टिपण छापले. त्याने तिला ‘ऊर्ध्वस्तरीय’ काही म्हटले नाही; धूळच म्हटले.

जुना वाचक:
तो मराठीत लिहीत नव्हता.

टाचण:
तूर्त मी पीएमसाठी ‘तरंगते कण’, उगमाच्या प्रकरणात ‘धुरळा’ आणि बेटाच्या प्रकरणात ‘वाळवंटी धूळ’ ठेवून पाने परत पाठविली आहेत. संपादकांनी आता ‘तरंगते’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे. कण पाण्यावर तरंगतात की हवेत, असे ते विचारतात, आणि अहवाल बेटाचा असल्यामुळे मला त्यांना लगेच उत्तर देता आलेले नाही.

उंबरठा:
‘अधांतरी कण’ चालेल का?