झेडपीच्या शिक्षकांचं कौतुक करताना आपण पालक एवढा हात आखडता का घेतो?

माणदेशी_आई
माझी लेक आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. दुसरीत असताना बालभारतीचं पुस्तक घडाघडा वाचायची, घरात सगळे खूश, पाहुणे आले की तिला पुस्तक घेऊन बसवायचे. एकदा बाईंनी आम्हाला शाळेत बोलावून घेतलं. आमच्यासमोरच त्यांनी धड्यातल्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवली, मधलाच एक शब्द उघडा ठेवला आणि म्हणाल्या, हा वाच बघू. तिला येईना. अख्खा धडा पाठ होता तिला, चित्र बघून म्हणायची! मग बिस्किटचा पुडा हातात दिला, तिथे जोडाक्षराला अडली, रफार दिसला की गप्प. बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या पाठांतर झकास आहे हिचं, आता अक्षराकडे बघायची सवय लावू. पुढे अशाच तीन-चार पोरांना वेगळं घेऊन बसायच्या, खताचं पोतं, लग्नपत्रिका, एसटीची पाटी, हाताला लागेल ते वाचायला द्यायच्या. आता सासूबाईंना पेपर वाचून दाखवते ती.

पट्टी ठेवून बघितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, पोरगी पास होऊन पुढे गेली असती. म्हणून मनापासून वाटतं की अशा शिक्षकांबद्दल पालकांनी मोठ्याने बोललं पाहिजे, ५ सप्टेंबरला गुलाबाचं फूल देऊन भागत नाही.

स्पष्ट_बोलतो_नगर
ताई, बाई चांगल्या आहेत, मान्य. पण हे त्यांचं कामच आहे ना? सातव्या वेतन आयोगाचा पगार मिळतो. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी सुखरूप पोचवली म्हणून आपण सत्कार करतो का? आणि किती गुरुजी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहतात ते सांगा, घरभाडे भत्ता गावातला आणि राहणं तालुक्याला. स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला. आधी हे बदलू दे, मग कौतुक करू.

मास्तरांची_लेक
दादा, पगाराचं सगळेच बोलतात, पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात ते कुणी बोलत नाही. प्राथमिकला महिना १६ हजार मानधन, तेही २०२३ मध्ये वाढलं, त्याआधी ६ हजार होतं. ६ हजारात परजिल्ह्यात खोली करून राहून दाखवा. माझे वडील याच नोकरीतून रिटायर झाले. शेवटच्या वर्षांत घरी आले की वह्या तपासायच्या आधी मोबाईल घेऊन बसायचे, पोषण आहाराची माहिती भरा, आधार जुळत नाही ते बघा, कसले कसले फोटो अपलोड करा, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक काम द्यायचं नाही असं आहे, पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आदेश येतात ते वेगळेच.

वऱ्हाडी_बाप
मी दोघांच्याही मधे पडतो. आमच्या गावात पहिली ते चौथी दोन शिक्षक. एकाची निवडणुकीची ड्युटी लागली आन् दुसऱ्याची मीटिंग निघाली की शाळा नावालाच उघडी, पोरं व्हरांड्यात खेळून घरी. माझा पोरगा चौथी झाला, हातच्याची वजाबाकी येत नव्हती. माणसं वाईट नव्हती हो, पण चार वर्ग दोघांनी कसे सांभाळायचे? ६० पटापर्यंत दोनच शिक्षक हा नियमच आहे, म्हणजे एक वर्ग शिकतो तेव्हा दुसरा पाढे लिहीत बसतो. मला भीती याची वाटते की आपण 'बाईंनी जीव ओतला' म्हणत टाळ्या वाजवल्या की सरकार मोकळं, जागा भरायचं नाव नाही, जीव ओतणारे आहेतच. सगळ्यांनाच अशा बाई भेटत नाहीत, ताई.

बिनअनुदानित
मी खाजगी शाळेत शिकवते. पगार शिक्षणसेवकापेक्षा कमी आहे आणि तोही वेळेवर नाही. मला कौतुक नको असं अजिबात नाही, एका आजोबांनी नातवाचं अक्षर सुधारलं म्हणून घरचे पेरू आणून दिले होते, ते अजून आठवतात. पण झेडपी विरुद्ध खाजगी असं करू नका, पोरगं कुठे अडलंय हे बघणारे दोन्हीकडे आहेत आणि न बघणारेही.

माणदेशी_आई
वऱ्हाडी दादा, तुमचं पटलं. पण उलटंही बघा, आपण पालक काहीच बोलत नाही तेव्हा तरी जागा कुठे भरतात? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका लागतात, कायद्यातच आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं रजिस्टर घरी यायचं, सही घेऊन जायचं. यंदा आम्ही तिघी-चौघी जाऊन बसलो. बाईंनी काय केलं ते ठरावात नाव घेऊन लिहायला लावलं, आणि त्याच कागदावर खाली लिहिलंय की दुसरा शिक्षक दुसरीकडे कामाला पाठवला तर बदली माणूस द्या, एकट्या बाईंवर शाळा टाकू नका. ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलंय, पोच घेतली. नुसती तक्रार घेऊन गेलं की साहेब म्हणतात पालकांना शिक्षक नकोच असतात. कौतुक लिहिलं की तेच शिक्षक टिकवा असं ठणकावून म्हणता येतं.

आणि नगरचे दादा, ड्रायव्हरचंही म्हणाल तर आमच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला वाडीवरचे लोक जेवू घालतात. पगार असतो त्यांनाही.

स्पष्ट_बोलतो_नगर
ठरावाचं चांगलं केलंत, ते मानतो. मुख्यालयाचा मुद्दा मात्र सोडत नाही, शिक्षक गावात राहिला तर पोरांना संध्याकाळीही मिळतो.

मास्तरांची_लेक
मग समितीने गावात भाड्याने धड खोली मिळवून द्यावी, नळ आणि संडास असलेली. आईबाबांना बऱ्याच गावांत तेवढीही मिळाली नव्हती.

वऱ्हाडी_बाप
ताई, त्या ठरावाचा मायना इथं टाका ना, नावं काढून. आमच्या समितीची बैठक लावतो.