बायपासला सात महिने झाले, केस गळतायत, तळपायाला मुंग्या येतात. गोळ्या बंद केल्यामुळे असेल का?

गोदाकाठची

नमस्कार. माझं वय ३९, नाशिकला असते. सात महिन्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्याचं पोटाचं ऑपरेशन) झालं, तेव्हा वजन ११६ होतं, आता ८४ आहे. शुगरच्या गोळ्या सुटल्या, गुडघे दुखायचे थांबले, ऑपरेशनबद्दल काहीच तक्रार नाही. पण गेल्या दीड-दोन महिन्यांपासून केस इतके गळतायत की बाथरूमच्या जाळीवर रोज पुंजका निघतो आणि रात्री पाठ टेकली की दोन्ही तळपायांना मुंग्या येतात. खरं सांगायचं तर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, आयर्न सगळंच मी तीन महिन्यांपूर्वी बंद केलंय. आयर्नने मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही, त्यात सासूबाई म्हणाल्या एवढ्या गोळ्या उष्ण पडतात, आता नीट जेवतेस ना मग कशाला, आणि मलाही ते पटलं.

जेवण म्हणाल तर सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी अर्धी पोळी वरणात कुस्करून, चारला परत चहा, रात्री दोन-चार घास मऊ भात. अंडंही खात नाही आम्ही. भाकरी छातीत अडकते म्हणून सोडली. आता श्रावण येतोय, आमच्याकडे सोमवार आणि शनिवार दोन्ही धरतात. काय करू? गोळ्या परत सुरू करायच्या तर आधी कुठली?

ठाणे_पूर्व

ताई, आधी मुंग्यांचं बघा, केसांचं नंतर. माझं बायपास होऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी मीही तुमच्यासारखंच केलं होतं, वजन उतरलं म्हणजे काम झालं असं समजून डबा कपाटात टाकला. मुंग्या आल्या, मग जिना उतरताना पायरी नीट कळेना, तेव्हा कुठे टेस्ट केली आणि बी१२ अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतली, बरंच सुधारलं, पण डाव्या पायाच्या बोटांना अजून बधिरपणा आहे, तो गेलेलाच नाही. म्हणून कळकळीने सांगते, पुढच्या महिन्यात जाऊ असं करू नका, उद्याच सर्जनला फोन करा.

आणि मेडिकलमधून आपल्या मनाने नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणून सुरू करू नका. त्याने रक्त वरवर सुधारलेलं दिसतं आणि बी१२ची कमतरता आत नसांवर काम करत राहते, हे मला तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं होतं.

सासूबाईंना असं सांगा, मी माझ्या आईला असंच सांगितलं होतं: ही औषधं नाहीत, हे जेवणच आहे. आपल्या पोटात आता जे पोहोचत नाही ते गोळीतून घालायचं, आणि ते कायमचं, वजन कितीही कमी झालं तरी.

आहार_कोल्हापूर

मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिअ‍ॅट्रिकचे, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचे पेशंट रोज बघते. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. बायपासमध्ये जठराची जी छोटी पिशवी उरते ती सुरुवातीला साधारण ३० मिलीची असते, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं. अन्न तिथून थेट खालच्या आतड्यात जातं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो आणि लोह, कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी१२साठी जठरातलं अ‍ॅसिड आणि तिथेच तयार होणारं एक प्रथिन लागतं, तेही अन्नाला आता पुरेसं भेटत नाही. त्यात तुम्ही अंडंही न खाणाऱ्या, म्हणजे साठा आधीच कमी असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे 'नीट जेवते' म्हणून हे भरून निघणार नाही.

सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, फोलेट, डी, कॅल्शियम आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) एवढ्या टेस्ट तरी सांगतीलच. मुंग्या आहेत म्हटल्यावर थायमिन म्हणजे बी१ आणि कॉपरबद्दलही विचारा. डोस त्यांनाच ठरवू द्या, पण अंदाज असावा म्हणून सांगते: पाळी चालू असलेल्या बाईला बायपासनंतर रोज ४५ ते ६० मिग्रॅ लोह लागतं, कॅल्शियम १२०० ते १५०० मिग्रॅ, तेही एकदम नाही, ५००-५०० करून. कॅल्शियम सायट्रेट मागा, कार्बोनेटला अ‍ॅसिड लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर. आणि चहा! चहाबरोबर आयर्न घेतलं तर ते बरंचसं वाया जातं, त्यापेक्षा लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा किंवा ब्रँड बदलून मागा, अगदीच सोसत नसेल तर शिरेतून देतात. बंद करणं हा उपाय नाही.

आता ताटाकडे वळू. तुम्ही लिहिलंय त्यात मला दिवसाचं प्रोटीन १५ ग्रॅमच्या पुढे जाताना दिसत नाही, आणि लागतं किमान ६०. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून थोडे केस गळतातच, वजन भराभर उतरल्यामुळे, आणि बहुतेकांचे परत येतात. पण प्रोटीन आणि लोह एवढं कमी असेल तर ते थांबायला वेळ लागतो. पोळी-भात शेवटी खा. आधी डाळ, म्हणजे वरणाचं पाणी नव्हे, घट्ट डाळ. पातळ पिठलं, पनीरची मऊ भुर्जी (१०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास), साखर न घातलेला चक्का, वाटलेले सोया चंक्स. बिस्किटांच्या जागी दुधात व्हे प्रोटीनची पावडर. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास थांबून घोट घोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर.

श्रावणात साबुदाण्याची खिचडी पोट भरते पण त्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. उपास धरायचाच असेल तर पनीर, दही, चक्का, थोडं दाण्याचं कूट, राजगिरा. व्हे दुधातूनच निघतं, त्यामुळे उपासालाही घेता येईल. पण रिपोर्ट सुधारेपर्यंत शनिवार तरी सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. शिरा, श्रीखंड जपून, गोडाने डंपिंग होऊ शकतं, म्हणजे खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब.

सांगलीची_सून

माझ्या मिस्टरांचं स्लीव्ह झालंय, त्यात आतडं तसंच ठेवतात, जठराचा बराचसा भाग काढतात. तरी गोळ्या त्यांनाही आहेतच. मला एवढंच सांगायचंय की उलट्या होत असतील तर थांबू नका. ह्यांना दुसऱ्या महिन्यात दहा-बारा दिवस काहीच ठरत नव्हतं, सगळे म्हणत होते होतं असं सुरुवातीला. मग चालताना तोल जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले. बी१ संपलेलं, शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो म्हणे. अ‍ॅडमिट केल्यावर सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन दिलं आणि थोडक्यात वाचले.

भाकरी अडकते त्याबद्दल: घास मोठा होतो आणि पटकन गिळला जातो. आम्ही ह्यांच्यासाठी मुलीच्या बारशातला चांदीचा छोटा चमचा काढला, वाटीही तिचीच. एक घास, चमचा खाली, वीसेक वेळा चावायचं, मग पुढचा. अर्धी वाटी मुगाच्या डाळीला २५ मिनिटं लागायची. आता ज्वारीची भाकरी दुधात भिजवून चौथा हिस्सा खातात, काही होत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्याच दिवशी गेले. बी१२ १३२ आलं, फेरिटिन ७, डी पण कमी. आजपासून बी१२ची इंजेक्शनं, बी१ च्या गोळ्याही दिल्यात, डी आठवड्यातून एकदा ६०,००० युनिट. आयर्न रात्री घ्यायला सांगितलंय. सासूबाईंना बरोबर नेलं होतं, डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं, येताना त्यांनीच पाव किलो पनीर घेतलं. शनिवार सोडलाय, सोमवार धरणार. एकच राहिलं विचारायचं, चारचा चहा घेतला तर कॅल्शियम कधी घेऊ?

आहार_कोल्हापूर

चहाने कॅल्शियमचं फारसं बिघडत नाही, लोहाचं बिघडतं. सकाळी नाश्त्यानंतर एक कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर दुसरं, तिसरं लागलं तर सहाच्या सुमारास. साडेनऊ-दहाला आयर्न, म्हणजे मध्ये तीन तास तरी जातात. मुंग्या वर पोटरीपर्यंत चढल्या किंवा तोल गेला तर पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता लगेच जा. तीन महिन्यांनी परत टेस्ट करून आकडे इथे टाका.