शब्दचर्चा : भूमितीतला 'पक्ष' कुठला?

दादरकर : भाची नववीत, मराठी माध्यमात. काल वहीतलं 'पक्ष, साध्य, सिद्धता' दाखवून विचारते, "मामा, दिलेल्या माहितीला पक्ष का म्हणायचं? इथे विरोधी पक्ष कोण?" मला फक्त पितृपक्ष आठवला. कुणी सांगेल का?

गिरगावकर : न्यायशास्त्रातून आलाय, म्हणजे कोर्टकचेरीतून नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रातून. तिथलं ठरलेलं उदाहरण : डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. डोंगर पक्ष, आग साध्य (जे सिद्ध करायचं ते), धूर हेतू (म्हणजे उद्देश नव्हे, कारण म्हणून दाखवलेली खूण). 'तर्कसंग्रह' या न्यायाच्या प्राथमिक ग्रंथात पक्षाची व्याख्याच 'संदिग्धसाध्यवान्' अशी आहे. साध्य आहे की नाही याची जिथे शंका, तो पक्ष. म्हणजे 'दिलेलं' नव्हेच! समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घ्या. वहीत लिहितात, 'पक्ष : त्रिकोण अबक मध्ये बाजू अब ≅ बाजू अक'. न्यायाच्या हिशेबाने नुसता त्रिकोण पक्ष, बाजू एकरूप असणं हा हेतू आणि समोरचे कोन एकरूप असणं हे साध्य. शाळेने पक्ष आणि हेतू एका ओळीत कोंबले.

चेंबूरकर : पण हे भूमितीला लागू पडतं का? धूर तिथे आग, हे आपण चुलीपाशी पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं. कोनमापकाने हजार त्रिकोण मोजून नेले तरी बाई सिद्धतेला भोपळाच देणार. आणि धुराचं आम्हाला विचारा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग पेटलं तेव्हा आग न बघताही कळलं होतं. परवा मात्र गच्चीवरून तसंच धुरकट दिसलं, तर शेजारच्या रिडेव्हलपमेंटची धूळ निघाली.

गिरगावकर : यालाच 'असिद्ध' हेतू म्हणतात, पाच हेत्वाभासांतला, म्हणजे फसव्या हेतूंतला एक. धूर-आगीचं नातं पक्कंच होतं, पण तुमच्या डोंगरावर धूरच नव्हता. पहिला मुद्दा मात्र मान्य. नाव न्यायाचं, रीत यूक्लिडची. 'प्रमेय'चंही तेच. न्यायसूत्रात, म्हणजे न्यायाच्या मूळ ग्रंथात, प्रमेय म्हणजे प्रमाणाने जाणायची वस्तू; अशी १२ सांगितली आहेत, पहिलं आत्मा. पायथागोरसला त्यात जागा नाही :)

दादरकर : भाचीला डोंगर, धूर सगळं सांगितलं. म्हणाली, "मग उद्यापासून हेतू वेगळा लिहू?" म्हटलं, नको बाई, मार्क जातील.