गांधीहत्या: तपास आणि खटल्यावर काय वाचावं, कोणत्या क्रमाने?

पिंगळा
वाद नकोय, घटनाक्रम हवाय. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. तरी पुढच्या दहा दिवसांत बाकीचे का सापडले नाहीत? आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात नेमकं काय सिद्ध झालं? मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल.

अडकित्ता
सुरुवात मनोहर माळगावकरांच्या 'द मेन हू किल्ड गांधी' (१९७८) पासून करा. कोण कुठे उतरलं, बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरला कसं मिळालं, सगळं सलग कळतं. पण माळगावकर मुळात कादंबरीकार आणि त्यांनी सुटून आलेल्या आरोपींशी बोलून लिहिलंय. तेव्हा तारखा, गाड्या, हॉटेलं घ्या. संवाद आणि मनातले विचार पुरावा म्हणून कुठे उद्धृत करू नका.

जुनी_पेठ
दहा दिवसांचं उत्तर हत्येच्या कटाची पुन्हा चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या अहवालात (१९६९) आहे. दोन जाडजूड खंड, सलग वाचायला घेतलेत तर पहिल्या शंभर पानांत दम निघेल. आधी दिल्ली आणि मुंबई पोलिसांच्या तपासाची प्रकरणं काढा. मदनलालने पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला होता, म्हणजे पुण्यात चौकशी केली असती तरी नथुरामचं नाव निघालं असतं. पुणे सीआयडीचे राणा तेव्हा दिल्लीतच होते. ते मदनलालचा जबाब घेऊन परतले ते विमानाने नाही, अलाहाबादमार्गे रेल्वेने. मुंबईला पोचायला २७ तारीख उजाडली! इकडे मदनलालला ओळखणाऱ्या प्रा. जैन यांनी २१ तारखेलाच मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना कटाची माहिती दिली होती, पण तपास करणारे मुंबई पोलिसांचे नगरवाला अपहरणाच्या तर्कात अडकले.

वाचताना एक पाहा: आयोगापुढे १९४८ चे कागदही आहेत आणि जवळपास वीस वर्षांनी दिलेल्या साक्षीही. दोन्हींना सारखं वजन देऊ नका.

तळटीप
खटल्यासाठी पु. ल. इनामदारांचं 'द स्टोरी ऑफ द रेड फोर्ट ट्रायल' घ्या. ते बचावपक्षाचे वकील, त्यामुळे बाजू उघड आहे, पण माफीचा साक्षीदार (सरकारच्या बाजूने साक्ष देणारा सहआरोपी) बडगे याची उलटतपासणी कशी चालली ते समजतं. न्या. खोसलांच्या पुस्तकात या खटल्यावर एकच प्रकरण आहे. कोर्टातल्या प्रेक्षकांना ज्युरी केलं असतं तर नथुराम सुटला असता, हे त्यांचं मत त्यातलंच, निकालपत्रातलं नव्हे. अपिलाच्या खंडपीठात ते होते आणि फाशी कायम झाली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर हे मत फॉरवर्ड करणारे ही गोष्ट सोयीने गाळतात.

मराठीत य. दि. फडक्यांचं 'नथुरामायण' आणि जगन फडणीसांचं 'महात्म्याची अखेर'. गोपाळ गोडसेंचं 'गांधीहत्या आणि मी' आरोपीची बाजू म्हणूनच वाचावं, तेही या दोन्हींनंतर.

पिंगळा
आभार. सावरकरांना न्यायालयाने सोडलं, आयोगाने मात्र कटाचा रोख त्यांच्याकडे नेला. दोघे वेगळं का बोलतात?

जुनी_पेठ
पुरावा वेगळा होता. न्यायालयापुढे मुख्यतः बडगेचा जबाब होता आणि माफीच्या साक्षीदाराला स्वतंत्र दुजोरा लागतो. तो न मिळाल्याने ते निर्दोष सुटले. अंगरक्षक कासार आणि सचिव दामले यांचे पोलिसांनी १९४८ मध्ये घेतलेले जबाब खटल्यात आलेच नाहीत, ते आयोगाने पाहिले. तोवर सावरकर हयात नव्हते, आणि आयोगाला कुणाला दोषी ठरवायचा अधिकारही नव्हता. नूरानींचं 'सावरकर अँड हिंदुत्व' याच मुद्द्यावर आहे. निकालपत्र शेजारी ठेवून वाचा.