प्रतिसाद: स्ट्रटोलचा सुटा सोर्स

प्रश्न होता, स्ट्रटोल (strtol, स्ट्रिंगमधल्या अंकांचा पूर्णांक करणारं सी भाषेतलं फंक्शन) आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायला त्याचा सुटा सोर्स कुठून घ्यावा. वर ‘मसल’मधून (musl, सीची एक स्टँडर्ड लायब्ररी) तो उचलायला सांगितलंय. मसलचा कोड एरवी नेटका, पण नेमकं हे फंक्शन सुटं निघत नाही: ते आतून खोटी फाइल-रचना बनवून इंटस्कॅन या सामायिक अंतर्गत फंक्शनला हाक मारतं, त्यामुळे सोबत बरंच ओढून आणावं लागतं. ग्लिबसी (glibc, लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) तर मॅक्रोंचं, म्हणजे कंपाइल करताना उलगडणाऱ्या संक्षेपांचं, जंगल. त्यापेक्षा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्समधल्या लिब/लिबसी/स्टडलिब (lib/libc/stdlib) फोल्डरमधली स्ट्रटोल.सी ही फाइल घ्या. तळाची डेफ_स्ट्राँग (DEF_STRONG) ओळ काढा, ती ओपनबीएसडीच्या लायब्ररीपुरतीच आहे, लायसन्सची टिप्पणी मात्र ठेवा. फंक्शनचं नाव बदला, नाहीतर मूळ फंक्शनशी टक्कर होईल. मग ‘०एक्सजी’ (0xg) ही स्ट्रिंग, बेस १६ (हेक्स) देऊन तपासाच: उत्तर ० आणि एंडपॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा पॉइंटर) ‘एक्स’वर हवा. बीएसडीच्या जुन्या प्रती तो थेट सुरुवातीला नेतात, कारण त्या ‘०एक्स’नंतर हेक्स अंक आहे का ते न बघताच पुढे सरकतात.