प्रोग्राम रिलीज बिल्डमध्येच का अडकतो? तुमचे अनुभव लिहा

चिंचोळीकर
आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात कंट्रोल कार्ड बघायला गेलो होतो. लूमवर धागा तुटला की सेन्सरचा इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवणारा इशारा) येतो, तो फ्लॅग (झालं की नाही सांगणारं व्हेरिएबल) लावतो, मुख्य लूप फ्लॅग बघून मोटर थांबवतो. डीबग बिल्ड, म्हणजे चाचणीची, झकास. रिलीज केली, म्हणजे कंपायलरला कोड वेगवान करायला (ऑप्टिमायझेशन) सांगणारं -ओ२ लावलं, की धागा तुटला तरी लूम आपला धावतोच. तिथल्या पोराचा रडवेला चेहरा बघून पहिली नोकरी आठवली. तिथेही हेच झालं होतं आणि सगळे सेन्सरच्या वायरी बदलत बसले होते.

डिसअसेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडची यादी, उघडली. फ्लॅग मेमरीतून एकदाच वाचलेला, तोही लूपच्या आधी. लूपच्या आत स्वतःवरच उडी, बाकी काही नाही. कंपायलरचं चुकलेलं नाही. लूपमध्ये त्या व्हेरिएबलला कुणी हात लावत नाही, मग दर फेरीला मेमरीत कशाला जायचं? इंटरप्ट मधेच येऊन ते बदलतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. फ्लॅगला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच असं सांगणारा शब्द) लावलं, लूम थांबायला लागला.

मला संताप येतो तो "कंपायलरमध्ये बग आहे, ऑप्टिमायझेशन बंद ठेवा" या सल्ल्याचा. त्याने दुखणं तसंच राहतं आणि पोरं काही शिकत नाहीत. तुमच्याकडे काय काय झालंय, लिहा.

शेंगाचटणी
प्रिंटएफ (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) टाकलं की चालतं, काढलं की अडकतं!! आमच्याकडे ती ओळ कित्येक वर्षं कोडमध्ये होती, वर कॉमेंट "ही काढू नये". का ते कुणालाच माहीत नाही

चिंचोळीकर
@शेंगाचटणी प्रिंटएफचं कोड कंपायलरला समोर दिसत नाही. ते ग्लोबल व्हेरिएबल बदलू शकतं असं धरून त्याला परत मेमरीतून वाचावं लागतं, म्हणून चालतं.

बाळीवेस
व्होलाटाइल लावून सुटलं म्हणून खूश होऊ नका अण्णा. आमचं ८ बिटचं एव्हीआर (छोटी कंट्रोलर चिप), फेऱ्यांचा काउंटर १६ बिटचा, वाढवतो इंटरप्ट. व्होलाटाइल होतंच. तरी २५५ नंतर मधेच कधीतरी ५११ दिसायचे. मालक म्हणायचा मीटर पळतंय. झालं काय, १६ बिट दोन तुकड्यांत वाचले जातात. खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आला, काउंटर २५६ झाला, मग वरचा बाइट वाचला तो १. जोडले की ५११. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद केले, संपलं.

गड्डा_फॅन
बाळीवेस म्हणजे आमच्याच गल्लीतले की. यंदा गड्ड्याच्या जत्रेला दिसला नाहीत? पाणी आलं का तिकडे

बाळीवेस
@गड्डा_फॅन आलं आत्ताच, भरतोय. फोन एका हातात

हुतात्मा_रोजची
गाडीत आहे, कुर्डुवाडी गेलं, रेंज जाईल. जावावाल्यांनी गाफील राहू नये. थांबवायचा फ्लॅग साधा बूलियन, थ्रेड (समांतर चालणारं काम) थांबतच नाही, आणि तेही सर्व्हर काही वेळ चालून "गरम" झाल्यावरच, कारण जेआयटी (चालता चालता कंपाइल करणारा) तेव्हा लूप ऑप्टिमाइझ करतो. पण जावाचं व्होलाटाइल सीसारखं नाही हां, २००४ च्या जावा ५ पासून त्यात क्रमाची हमीपण आहे. लोक दोन्हींची खिचडी कर

शेंगाचटणी
गेली रेंज

पुण्यात_अडकलेला
लिनक्समधला किस्सा सांगतो, माझा नाही पण मला फार आवडतो. २०१२, बीटीआरएफएस फाइल सिस्टीम, इटॅनियम प्रोसेसर. स्ट्रक्चरमध्ये स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), शेजारी बिटफिल्ड (मोजक्या बिटांची फील्ड). एक बिट बदलायला जीसीसी कंपायलरने सगळे ६४ बिट वाचले आणि परत लिहिले. मधल्या काळात दुसऱ्या सीपीयूने शेजारचा लॉक बदललेला, त्यावर जुनी किंमत पडली. म्हणजे सी कोडमध्ये लॉकला कुणी हातही लावला नव्हता! सी ११ या २०११ च्या सी मानकाच्या मेमरी मॉडेलमध्ये असं शेजारच्याचं पुसायला मनाई आहे. कर्नलमध्ये आता जिथे लॉकशिवाय वाचायचं तिथे रीड-वन्स, राइट-वन्स हे मॅक्रो लिहितात, वाचणाऱ्यालाही कळतं की इथे दुसरं कुणीतरी हात घालतंय.

आईला सांगा कडक भाकरी पाठव, इथली भाकरी भाकरी नाही.

तिसरं_वर्ष
मॅडम असतील तर सांगा, मग सगळ्याच शेअर्ड व्हेरिएबलना व्होलाटाइल लावायचं का? उद्या सबमिशन आहे

सातरस्ता_मॅडम
नको रे बाळा. कुकर लावलाय, थोडक्यात सांगते. व्होलाटाइल म्हणजे फक्त "हे वाचणं-लिहिणं गाळू नकोस आणि दुसऱ्या व्होलाटाइलच्या मागेपुढे करू नकोस". आजूबाजूच्या साध्या डेटाबद्दल ते काहीच बोलत नाही. तू बफर भरलास, मग "तयार" फ्लॅग लावलास. फ्लॅग व्होलाटाइल, बफर साधा. कंपायलर बफरचं लिहिणं फ्लॅगच्या खाली नेऊ शकतो. कंपायलरने नाही नेलं तरी एआरएमचा प्रोसेसर मागेपुढे करू शकतो. म्हणून लॅपटॉपवर चालतं आणि बोर्डवर कचरा वाचला जातो. फ्लॅग अ‍ॅटॉमिक (अर्धवट वाचला-लिहिला न जाणारा) कर, लिहिताना रिलीज (हे बिल्डवालं नाही), वाचताना अ‍ॅक्वायर. हे दोन्ही मिळून बफर-फ्लॅगचा क्रम राखतात. नाहीतर सरळ म्यूटेक्स, म्हणजे कुलूप.

हान्स बोहम या संशोधकांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की थ्रेड नुसत्या लायब्ररीने नीट होत नाहीत, भाषेलाच ते माहीत असावं लागतं. ते सी आणि सी++ च्या मानकात आलं २०११ मध्ये. आपल्याकडच्या नोट्समध्ये अजून "शेअर्ड असेल तर व्होलाटाइल" एवढंच छापलेलं असतं, मला याचं खरंच वाईट वाटतं.

तिसरं_वर्ष
थँक्यू मॅडम 🙏 म्यूटेक्सच लावतो

हुतात्मा_रोजची
आली रेंज. करतात म्हणायचं होतं

बाळीवेस
मॅडमचं वाचून बफरवाला आमचा दुसरा प्रोजेक्ट आठवला, टाकी भरली की लिहितो

पुण्यात_अडकलेला
@चिंचोळीकर त्या पोराला थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडची भांडणं पकडणारं टूल) दाखवा. कार्डावर चालणार नाही, पण लॉजिक वेगळं काढून लॅपटॉपवर, इंटरप्टच्या जागी एक थ्रेड ठेवून चालवता येतं. रेस झाली (दोन थ्रेडनी एकदमच एका डेटाला हात घातला) की दोन्हीकडच्या ओळींचे नंबर देतो.

चिंचोळीकर
उद्या जातोच आहे, दाखवतो. काउंटर त्यांचाही १६ बिटचाच आहे, तोही बघतो आता.

गड्डा_फॅन
जाताय तर टॉवेलचा होलसेल रेट विचारा हो, बहिणीचं लग्न आहे