मदत हवी आहे: शाळेतल्या मुलांचं रापणीचं प्रदर्शन

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या मुलांनी नारळी पौर्णिमेला एक वर्ग रिकामा करून रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायच्या पद्धतीचं, छोटं संग्रहालय मांडायचं ठरवलंय. पावसाळी मासेमारीबंदीमुळे ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, बापूस-आजोबा घरीच. पोरं वही घेऊन त्यांच्या मागे.

वस्तू भराभर जमल्या. वल्ही, उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड), पाग (हातानं फेकायचं जाळं), मासे विकायच्या पाट्या. एका आजोबांनी माळ्यावरून सुती जाळ्याचा तुकडा काढून दिला. नायलॉनच पाहिलेली मुलं तो हातात घ्यायला झोंबतात. पण त्यात मीठ मुरलंय, पावसाळी हवेत ओलसर लागतो, घडीवर धागे तुटताहेत आणि कसरही लागलीय बहुतेक. धुवावा का? कोणी डांबरगोळ्या सांगतं, कोणी कडुनिंबाचा पाला.

होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात, हे वर्गात कसं दाखवणार? एका मुलीचं म्हणणं, फक्त दोर ठेवूया, पाहुण्यांनाच ओढू दे. मला तर फारच आवडलं.

खरी अडचण पुढेच आहे. 'रापणी कमी का झाल्या?' हा फलक मुलांना हवाच आहे. म्हणजे पर्ससीन (यांत्रिक बोटीवरून माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) आलं, त्यावरचे २०१६ चे निर्बंध आले. वर्गात रापणवाले आणि पर्ससीनवाले, दोन्हीकडची घरं आहेत. वरिष्ठ म्हणतात, फलकच नको. तो काढला तर नुसतं अडगळीचं प्रदर्शन उरेल असं मला वाटतं. कोणी असं काही केलंय का?

प्रतिसाद:
ताई, जाळं धुवू नका, जीर्ण सूत भिजलं की तुटतं. मऊ ब्रशनं धूळ झाडा, घडी मोडा आणि जाड नळीवर सुती कापड लावून त्यावर सैल गुंडाळा. कसरीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे २० अंशांच्या आसपास. तुमच्या गावात फ्रीझरला काय तोटा! बाहेर काढल्यावर पिशवी दुसऱ्या दिवशी उघडा, नाहीतर जाळ्यावर पाणी धरेल. डांबरगोळ्या मुलांच्या वर्गात नकोतच.

फलक ठेवा. रापणकार आणि पर्ससीनवाले, दोघांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत शेजारी-शेजारी लावा. लिहून झालं की छापण्याआधी दोन्ही घरी वाचून दाखवा, आणि नावं घालायची का ते त्यांनाच ठरवू दे.